डॉ. होमी भाभा : भूगर्भातून आकाशाचा वेध

इ. स. १९०९ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३० तारखेस मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात होमी जहांगीर भाभा यांचा जन्म झाला. वडील जहांगीर भाभा हे कायदेपंडित होते. घरी उत्तमोत्तम ग्रंथांचा संग्रह होता. पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या. वाचन, संगीत आणि चित्रकला यांची गोडी होमींना बालपणीच लागली व ती अखेरपर्यंत टिकली. तथापि त्यांचे मन सर्वांत अधिक रमे ते गणितात आणि पदार्थविज्ञानात.

होमींची आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटा यांची पत्नी. होमींनी विलायतेत जाऊन यंत्रविद्या शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात अधिकारपद सांभाळावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे १९२७ साली ते केंब्रिजला गेले. परंतु तेथे त्या काळी पदार्थविज्ञानात नवे युग अवतरत होते. अणूच्या अंतरंगाची रहस्ये एकामागून एक उलगडत होती. होमींचे चित्त यंत्रांत लागेना. त्यांनी वडिलांना पत्र लिहून आपला कल स्पष्टपणे कळवला. वडिलांनी रागही केला नाही आणि लगेच अनुमतीही दिली नाही. आधी यंत्रविद्येची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणित शिकण्याचा खर्च मी देईन, अशी त्यांनी अट घातली. नावडता अभ्यास टाळण्याची कोणतीही सबब होमींनी पुढे केली नाही. १९३० साली ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि वडिलांनीही आपला शब्द पाळला.

आता भाभांनी विश्वकिरणांच्या अभ्यासास वाहून घेतले. दूरच्या अंतराळातून अतिवेगवान सूक्ष्म कण पृथ्वीवर अखंड येत असतात. त्यांनाच विश्वकिरण म्हणतात. हवेतील अणूंवर ते आदळले की त्यांतून नवे कण जन्मास येतात. जोंधळ्याच्या एका दाण्यातून दाण्यांनी भरलेले कणीस यावे, आणि त्यातील प्रत्येक दाण्यातून पुन्हा नवे कणीस यावे, तशी ही कणांची संख्या वाढत जाते. असा वर्षाव नेमका कसा घडतो, याचे गणित भाभा व हाइटलर या दोघांनी १९३७ साली मांडले. त्या वेळी भाभांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

१९३९ साली भाभा सुटीसाठी मायदेशी आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. केंब्रिजला परतण्याचा मार्ग खुंटला. सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे त्या वेळी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. भाभा तेथे रुजू झाले आणि त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग सुरू केला. उंच उडणाऱ्या विमानांतून उपकरणे पाठवून त्यांनी या किरणांची मोजमापे घेतली. १९४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्वाचा मान दिला.

युद्ध संपले की विलायतेत त्यांना मोठे पद सहज मिळाले असते. परंतु आपल्याच देशात उच्च प्रतीचे संशोधन उभे राहिले पाहिजे, हा विचार आता त्यांच्या मनात दृढ झाला होता. १९४४ च्या मार्च महिन्यात त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना धाडली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी ती बंगळूरहून मुंबईस आली. पुढे १९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५६ साली तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. हे कार्य सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या प्रेरणेने भूगर्भात जे कार्य झाले, ते तितके परिचित नाही.

विश्वकिरणांतून उपजलेले कण आपल्या तळहातावर दर सेकंदाला सुमारे एक या प्रमाणात पडत असतात. सावद्याच्या केळीबागांवर, तापीच्या वाळूवर, घरांच्या धाब्यांवर हा अदृश्य पाऊस रात्रंदिवस चालू असतो. छप्पर त्यास अडवू शकत नाही. खानदेशातील खोल विहिरीच्या तळाशी तो थोडा कमी होतो; पण थांबत नाही. मग तो कोठे थांबतो? हे जाणण्यासाठी भाभांनी म्हैसूर राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणीकडे दृष्टी वळवली. त्यांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकंतन या तरुण संशोधकाने १९५१ च्या सुमारास खाणीत उपकरणे उतरवली.

पुढील दहा वर्षांत संशोधक अधिकाधिक खोल गेले. भूगर्भात उष्मा भयंकर होता. अवजड उपकरणे खाणकामगारांच्या पाळण्यातून खाली न्यावी लागत. सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर उपकरणे मांडली आणि दोन महिने वाट पाहिली. पण एकाही कणाची नोंद झाली नाही! एखाद्याला वाटले असते, सारा श्रम वाया गेला. परंतु या संशोधकांनी त्या शून्याचा अर्थ ओळखला. जेथे पावसाचा थेंबही पोहोचत नाही, तेथेच हलकीशी चाहूलसुद्धा ऐकू येईल, हे त्यांनी जाणले.

न्यूट्रिनो नावाचा कण पृथ्वीच्या आरपार जातो; क्वचितच एखाद्या अणूवर आदळतो. हवेत निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचा शोध घेण्यासाठी टाटा संस्था, जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील संशोधक एकत्र आले. सुमारे तेवीसशे मीटर खोलीवर त्यांनी प्रस्फुरकांच्या भिंती उभ्या केल्या. कण आत शिरताच ज्या पदार्थात क्षणभर मंद प्रकाश चमकतो, त्यास प्रस्फुरक म्हणतात. वरून येणारे कण जवळजवळ सरळ खाली पडतात. म्हणून आडव्या दिशेने आलेल्या कणांकडे लक्ष ठेवले. १९६५ साली अशा चमका दिसल्या आणि न्यूट्रिनोंचा पुरावा हाती आला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीतही दुसऱ्या चमूस हेच यश लाभले.

भाभांना हे यश पाहण्याचे भाग्य लाभले. मात्र त्यानंतर थोड्याच महिन्यांत, २४ जानेवारी १९६६ रोजी, व्हिएन्नाच्या प्रवासात त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील मॉन्ट ब्लाँक शिखरावर कोसळले. छप्पन्नाव्या वर्षी हा थोर पुरुष काळाच्या पडद्याआड गेला.

कोलारची खाण २००१ साली बंद झाली. परंतु तेथील धडा जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात की दिसणाऱ्या द्रव्याचे आकर्षण त्यांना धरून ठेवण्यास पुरे पडत नाही. यावरून विश्वात सामान्य द्रव्याच्या सुमारे पाचपट न दिसणारे द्रव्य असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. त्यास कृष्णद्रव्य म्हणतात. त्याचा कण पकडण्यासाठी इटलीत ग्रान सासो पर्वताच्या पोटात, सुमारे १४०० मीटर खडकाखाली, प्रस्फुरक स्फटिक ठेवले आहेत. ते उणे २७३ अंशांच्याही खाली, निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट थंड केलेले असतात. इतक्या थंडीत एका कणाच्या धक्क्यानेही स्फटिकाचे तापमान किंचित वाढते आणि ती वाढ मोजता येते. ऊब किती आणि चमक किती, यांची तुलना केली की धक्का देणारा कण कोणत्या जातीचा, हे ओळखता येते. भारतातही झारखंडमधील जादूगुडा येथील युरेनियमच्या खाणीत, सुमारे ५५० मीटर खोल, २०१७ साली अशा शोधासाठी प्रयोगशाळा उघडली गेली. कृष्णद्रव्याचा कण अद्याप निर्विवादपणे कोणासही सापडलेला नाही. संशोधक वाट पाहत आहेत.

स्फटिकांच्या साहाय्याने होणारा हा शोध भाभांच्या हयातीत सुरू झालेला नव्हता. पण आकाशातील गूढ उकलण्यासाठी पृथ्वीच्या पोटात उतरावे, आणि उत्तर शून्य आले तरी निराश न होता त्याचा अर्थ शोधावा, ही वाट आपल्या देशात त्यांच्या प्रेरणेने प्रथम तुडवली गेली. देशातील तरुणांवर विश्वास ठेवून भाभांनी त्यांना कठीण कार्यास लावले. अणुभट्ट्या आणि प्रयोगशाळा ही त्यांची स्मारके आहेतच. पण ती धीराची परंपरा हे त्यांचे खरे स्मारक होय.