संस्कृतच्या सरांची टीम

पहाटेची बदलापूर लोकल पकडून, किटबॅग सांभाळत मुंबईच्या मैदानांवर जाणारे तुमच्यापैकी कितीतरी जण असतील. एक अंबरनाथला चढतो, दुसरा उल्हासनगरला. ट्रायल होते, यादी लागते आणि त्यात आपलं नाव नसतं. परतीच्या गर्दीत तीच किटबॅग दुप्पट जड लागते, हो ना? मग प्रा. दि. ब. देवधर यांची गोष्ट तुम्ही वाचायलाच हवी.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म 14 जानेवारी 1892 चा, पुण्यातला. 1911 मध्ये ते पहिला प्रथमश्रेणी सामना खेळले. पण तेव्हा क्रिकेटवर घर चालत नव्हतं. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे आणि खेळायचेही. नोकरी की खेळ, हा तुमचा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी दोन्ही धरून ठेवलं.

1926 मध्ये इंग्लंडहून एमसीसीचा संघ आला. मुंबईत झालेल्या सामन्यात देवधरांनी त्यांच्याविरुद्ध 148 धावा ठोकल्या. तेव्हा ते 34 वर्षांचे होते आणि फॉर्म जबरदस्त होता. फक्त एकच अडचण होती, भारताला अजून कसोटी दर्जाच नव्हता! पहिली कसोटी 1932 मध्ये लॉर्ड्सवर झाली, तोवर सरांनी चाळिशी गाठली होती. संघात ते नव्हते. पुढेही कसोटीची टोपी त्यांच्या डोक्यावर कधी आलीच नाही.

इथे कुणीही बॅट माळ्यावर टाकली असती. सरांची खरी इनिंग मात्र यानंतरची आहे.

1939-40 च्या मोसमात महाराष्ट्राच्या रणजी संघाचे कर्णधार होते देवधर, वय 47. तेव्हा आजच्यासारखा कोच, फिजिओ, अ‍ॅनालिस्ट असा ताफा नसायचा. पोरांना घडवायचं कामही कर्णधाराचंच. आणि पोरं कोण, तर सांगलीचे विजय हजारे. त्यांनी त्या मोसमात बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. दुसरे खंडू रांगणेकर, ज्यांनी रणजी पदार्पणातच शतक काढलं. त्या वर्षी महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला.

पुढच्या वर्षी गाठ पडली मुंबईशी. मुंबईने 650 धावा केल्या.  महाराष्ट्राने 675 केल्या! त्यात सर्वाधिक धावा होत्या 48 वर्षांच्या कर्णधाराच्या, 246. आपल्या निम्म्या वयाच्या पोरांना चिवटपणा कसा असतो हे सरांनी फळ्यावर नाही, खेळपट्टीवर उभं राहून दाखवलं. करंडक सलग दुसऱ्यांदा महाराष्ट्राकडे आला.

सरांचं खेळणं तरीही थांबलं नाही. पन्नाशी उलटल्यावर 1944-45 मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली, 105 आणि 141. घरातही खेळाचंच वारं होतं. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनमध्ये देश गाजवला, तोही चाळीसच्या दशकात.

आता त्या पोरांचं पुढे काय झालं ते बघा. रांगणेकर 1947-48 मध्ये ऑस्ट्रेलियात कसोटी खेळले. 1952 मध्ये भारताने मद्रासला इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार होते विजय हजारे. सरांना न मिळालेली टोपी त्यांच्या टीममधल्या पोरांना मिळाली.

देवधर पुढे निवड समितीवर गेले. 1965 मध्ये त्यांना पद्मश्री आणि 1991 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1973-74 पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला, तो बघायला सर स्वतः होते. 24 ऑगस्ट 1993 रोजी, वयाच्या 101 व्या वर्षी, पुण्यात त्यांचं निधन झालं.

खंडू रांगणेकरांच्या नावाचा बॅडमिंटन हॉल आपल्या ठाण्यात आहे. पुढच्या वेळी यादीत नाव नसेल आणि लोकल ठाण्याला थांबली, तर त्या रांगणेकरांचा पहिला रणजी कर्णधार आठवा. आणि दुसऱ्या दिवशी नेटवर जा. तिथे तुमच्याहून लहान एखादा पोरगा चुकीचा पाय टाकत असेल, त्याला तो नीट टाकायला शिकवा.