लिओपोल्ड, आल्बनीचा ड्यूक

लिओपोल्ड जॉर्ज डंकन आल्बर्ट (७ एप्रिल, इ.स. १८५३ - २८ मार्च, इ.स. १८८४) हा ब्रिटिश राजपुत्र व आल्बनीचा ड्यूक होता. राणी व्हिक्टोरिया व राजपुत्र आल्बर्ट यांच्या नऊ अपत्यांपैकी हा आठवा आणि मुलांमध्ये सर्वांत धाकटा. व्हिक्टोरियाच्या वंशातील हिमोफिलियाचा पहिला ज्ञात रुग्ण म्हणून तो ओळखला जातो. त्याचे आयुष्य मात्र आजाराइतकेच आजाराच्या भीतीने लादलेल्या बंधनांशी झगडण्यात गेले.

बालपण व शिक्षण

लिओपोल्डचा जन्म बकिंगहॅम राजवाड्यात झाला. प्रसूतीच्या वेळी डॉ. जॉन स्नो याने राणीला क्लोरोफॉर्म दिले होते. हिमोफिलियात रक्त साकळण्यास आवश्यक असलेल्या एका घटकाची कमतरता असते. त्यामुळे इतर मुलांना किरकोळ वाटणारा मारही लिओपोल्डला अंथरुणाला खिळवून ठेवी. सांध्यांत रक्तस्राव होऊन गुडघे सुजत. विश्रांतीखेरीज त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता.

इ.स. १८६१ मध्ये वडील वारले आणि आईची देखरेख अधिकच कडक झाली. लष्करातील कारकीर्द त्याच्यासाठी अशक्यच होती. त्याचा ओढा पुस्तके, संगीत व कला यांकडे होता. ऑक्सफर्डला जाण्यासही राणीचा विरोध होता. अखेर इ.स. १८७२ मध्ये त्याने तेथील क्राइस्ट चर्च महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे तो राणीचा अनधिकृत सचिव म्हणून काम करू लागला. इ.स. १८७८ मध्ये त्याने तिच्यासोबत बाल्मोरलला जाण्यास चक्क नकार दिला. कॅनडाचा गव्हर्नर-जनरल होण्याची त्याची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही.

विवाह व मृत्यू

२७ एप्रिल, इ.स. १८८२ रोजी विंडसर येथे वाल्डेक-पिरमॉन्टची राजकन्या हेलेना हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढील वर्षी ॲलिस ही मुलगी झाली. इ.स. १८८४ च्या हिवाळ्यात सांधेदुखीमुळे डॉक्टरांनी त्याला फ्रान्समधील कान येथे पाठवले. गरोदर हेलेना इंग्लंडमध्येच राहिली. २७ मार्च रोजी तो घसरून पडला व दुसऱ्या दिवशी पहाटे मरण पावला. मृत्यू मेंदूतील रक्तस्रावाने झाला असावा, असे मानले जाते. त्याचे वय ३० होते. मुलगा चार्ल्स एडवर्ड जुलैमध्ये जन्मला.

आनुवंशिक वारसा

हिमोफिलियाचे सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाधित पित्याकडून ते मुलाला मिळत नाही, परंतु प्रत्येक मुलीला मिळते. त्यामुळे चार्ल्स एडवर्ड निरोगी राहिला व ॲलिस वाहक ठरली. तिचा मुलगा रुपर्ट यालाही हिमोफिलिया होता, इ.स. १९२८ मध्ये फ्रान्समधील मोटार अपघातानंतर तो विसाव्या वर्षी वारला. लिओपोल्डच्या बहिणी ॲलिस व बिअ‍ॅट्रिस याही वाहक होत्या. त्यांच्या मुलींमार्फत विकार रशिया, प्रशिया व स्पेनच्या राजघराण्यांत पोहोचला. रशियाचा युवराज अलेक्सेइ हा बहीण ॲलिस हिचा नातू.

व्हिक्टोरियाच्या पूर्वजांत हा विकार आढळत नाही. पुढे भारतात स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हॉल्डेन याने हे उत्परिवर्तन राणीच्या वडिलांच्या बीजपेशीत झाले असावे असे मत मांडले. तिच्या जन्मावेळी ते ५१ वर्षांचे होते. रशियन राजकुटुंबाच्या अवशेषांच्या जनुकीय तपासणीतून इ.स. २००९ मध्ये हा विकार हिमोफिलिया 'ब' असल्याचे सिद्ध झाले. या प्रकारात रक्तातील नववा साकळण-घटक कमी असतो. आज तो इंजेक्शनने देता येतो.