रेचेल कार्सन आणि बेटावरची फवारणी

न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंड या बेटावर १९५७ साली सरकारी विमानांनी डीडीटी फवारले. झाडांची पाने फस्त करणाऱ्या जिप्सी मॉथ या पतंगाचा नायनाट करायचा होता. तेलात कालवलेले ते औषध भाजीच्या मळ्यांवर, गाईंच्या कुरणांवर आणि तळ्यांवरही पडले. शेतकऱ्यांची संमती घेतलेली नव्हती. रहिवासी न्यायालयात गेले आणि हरले. पण खटल्यातल्या साक्षी रेचेल कार्सन यांच्यापर्यंत पोहोचल्या.

कार्सन यांचा जन्म १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनियात झाला. प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्या सरकारी मत्स्यविभागात लागल्या. समुद्रावरच्या पुस्तकांनी नाव मिळवून दिल्यावर १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. घरात वृद्ध आई होती. भाचीच्या मृत्यूनंतर तिचा लहान मुलगाही त्यांनी दत्तक घेतला.

डीडीटी पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीत मात्र साठते. म्हणून चाऱ्यातून ते गाईच्या दुधात आणि तिथून माणसाच्या शरीरात उतरते. हे त्यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये सामान्य वाचकाला समजेल असे मांडले. लिहीत असतानाच, १९६० मध्ये, त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. रसायन कंपन्यांनी टीकेची झोड उठवली, तरी त्यांनी आजार लोकांपासून लपवून ठेवला. १९६३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. सगळी कीटकनाशके बंद करा, अशी त्यांची मागणी नव्हती. वापर तारतम्याने व्हावा आणि आपल्या घरावर कुणी विष फवारू नये हा नागरिकाचा हक्क मान्य व्हावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

अमेरिकेत पिकांवरच्या डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली. पण १९७९ मध्ये लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांतले अल्डिकार्ब हे दुसरे कीटकनाशक विहिरींत आढळले. रेताड जमिनीतून ते भूजलात झिरपले होते आणि बेटाला पिण्याचे पाणी तेच.

फवारणीच्या हंगामात विषबाधेचे रुग्ण आमच्याकडे येतात. ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा असेल तर अ‍ॅट्रोपिन देता येते. थोडेथोडे रोज पोटात जाणाऱ्या विषाचा रुग्ण मात्र तातडीच्या विभागात येत नाही. त्याच्यासाठी नियम लागतो, आणि तो फवारणीच्या आधी लागतो.