मोती, शंख, शिंपले लिहून ठेवणारा गोव्याचा डॉक्टर, मेल्यानंतर १२ वर्षांनी ज्याची हाडं जाळली

तिसऱ्या खाऊन झाल्या की ताटात उरलेला शिंपला उचलून आतून बघा. गुळगुळीत आहे, चमकतोही, पण तिरका केल्यावर गुलाबी-हिरवे रंग सरकताना दिसत नाहीत. म्हणजे त्यात मदर ऑफ पर्ल नाही.

आता हा फरक गोव्यातल्या एका मोठ्या डॉक्टरलाही नीट लागला नव्हता. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता.

जन्म पोर्तुगालमध्ये, साधारण १५०१ चा. आईवडील स्पेनने हाकलून दिलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावं लागलं. पोरगा डॉक्टर झाला आणि १५३४ मध्ये जहाजात बसून गोव्याला आला, तो परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. पुढे तर पोर्तुगिजांनी त्याला मुंबईचं बेटच भाडेपट्ट्याने दिलं. होय, आपली मुंबई!

१५६३ मध्ये गोव्यातच त्याचं पुस्तक छापून झालं. दोन वैद्यांच्या गप्पांमधून त्यात आंबा, हिंग, अफू, पटकी असं सगळं येतं. तेव्हा मोतीही औषधात वापरायचे, म्हणून ३५ वं प्रकरण मोत्यांचं आहे. त्यातच शंखही येतो, आणि मदर ऑफ पर्ल शंखापासून होतं अशी मांडणी दिसते.

इथेच गाडी घसरली. पूजेतला शंख चिनी मातीच्या भांड्यासारखा चमकतो. कवडीचंही तेच. खऱ्या मदर ऑफ पर्लमध्ये ॲरागोनाइट या खनिजाच्या अतिशय पातळ चकत्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांच्या थरांवरून प्रकाश परतताना रंग तयार होतात आणि कोन बदलला की तेही बदलतात. मोतीकालवात ते असतं, हिरव्या शिनाण्यांच्या आत असतं. नेहमीच्या खाण्यातल्या कालवांत मात्र नसतं. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना लावलेले शिंपले भल्याभल्यांना फसवतात, पण ते कॅल्साइटचे, वेगळ्या रचनेचे.

यासाठी समुद्रच पाहिजे असंही नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण भीमेत सापडणारे गोड्या पाण्यातले मोठे शिंपले आतून बघा. खरं मदर ऑफ पर्ल!

ओर्ताची ही चूक माफ करण्यासारखी आहे. तेव्हा सूक्ष्मदर्शकच नव्हता. बाकी त्याने जे डोळ्यांनी पाहिलं ते जुन्या ग्रीक ग्रंथांच्या विरोधात जात असलं तरी लिहिलं, आणि त्या काळात याला धाडस लागायचं.

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं होतं. ओर्ता १५६८ मध्ये वारला तोपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. पण पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला लपून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आलं. चौकशीत ओर्ताचंही नाव आलं. १५८० मध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून जाळली गेली.

पणजीतल्या महापालिका उद्यानाला पुढे त्याचंच नाव मिळालं.