वाटाण्याचा अंकुर आणि दादासाहेब फाळके



गेल्या वर्षी पुंगोलमध्ये आमच्या मुलांनी एका आजींचा व्हिडिओ काढला. आजी पुरणपोळ्या करीत होत्या आणि लाटता लाटता आपल्या सासूबाईंच्या आठवणी जुन्या वळणाच्या मराठीत सांगत होत्या. मुले हौशी! त्यांनी वीस मिनिटांचे चित्रण कापून दीड मिनिटाचे केले, दर दोन सेकंदांनी चित्र बदलले आणि वर मोठ्या आवाजात गाणे घातले. आजींचा आवाज त्या गाण्याखाली दबून गेला. मी शिक्षिका म्हणून शेजारी उभी होते आणि मलाही ते छानच वाटले. पुढे फोनमध्ये जागा हवी म्हणून मूळ चित्रण पुसले गेले. चार महिन्यांनी आजी वारल्या. आता त्यांच्या घरी तो व्हिडिओ लावला की हात दिसतात, पोळी दिसते, गाणे ऐकू येते, पण आजी ऐकू येत नाहीत.

ही चूक मुलांची नव्हती, माझी होती. शिकवणाऱ्याने आधी दाखवायचे असते. म्हणून आज या पानावर एका थोर माणसाची ओळख करून देत आहे. त्यांचे नाव आपल्या प्रत्येक घरी ठाऊक आहे. पण त्यांच्या आयुष्यातील एक लहानसे वाटाण्याचे रोप फारसे कोणाला ठाऊक नसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजांचा ओढा लहानपणापासून चित्रकलेकडे होता. १८८५ साली ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक विद्या शिकून घेतल्या. जादूचे प्रयोगही ते शिकले. आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने ते प्रयोग करीत.

त्यांचा संसार मात्र सुखाने सुरू झाला नाही. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. पण फोटो काढल्याने अंगातील शक्ती जाते अशी लोकांची समजूत होती. त्यातच प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई. काही काळ फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक होते. ती सरकारी नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला आणि मग दादरला छापखाना चालविला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटले नाही म्हणून तोही धंदा सोडला. चाळिशी उलटली आणि हातात काही उरले नाही.

१९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास त्यांनी मुंबईत एका तंबूत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. आपले देव, आपली माणसे अशी पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार त्यांना सोडीना. पुढचे कित्येक महिने ते रोज चार-पाच तास चित्रपट पाहत आणि उरलेला वेळ प्रयोग करीत. झोप नाही, विश्रांती नाही. शेवटी त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर परिणाम झाला आणि दिसेनासे झाले. ज्याचे सारे काम डोळ्यांचे, त्याचेच डोळे गेले! डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या मदतीने दृष्टी हळूहळू परत आली. घरच्यांना वाटले, आता तरी हे वेड जाईल. पण ते गेले नाही.

आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. ते थेट बायोस्कोप या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले आणि त्याच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याकडे नेले. हेपवर्थच्या स्टुडिओत त्यांनी काम कसे चालते ते पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेऊन ते १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईस परतले.

आता पैसा हवा होता. पण ज्याने कधी चित्रपट केला नाही त्याला कोण पैसे देणार? येथेच ते वाटाण्याचे रोप येते. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले. हे काम महिन्याहून अधिक चालले. त्या फितीचे नाव होते अंकुराची वाढ. पडद्यावर ती जेमतेम मिनिटभर चाले. त्या मिनिटात बी फुटे, कोंब वर येई आणि बघता बघता वेल वर चढे.

वाचकहो, थोडा हिशेब करू या. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत, म्हणजे मिनिटाला हजाराच्या आसपास. महिनाभर रोज सुमारे ३० वेळा त्या रोपाकडे वळायचे आणि एक चित्र घ्यायचे. एवढ्या काळात कॅमेरा हलता कामा नये, कुंडी सरकता कामा नये. कोणी पाय लावून कुंडी पाडली की पुन्हा पहिल्यापासून! एका मिनिटासाठी एवढा संयम. विषय एकच, जागा एकच, आणि पाहणाऱ्याने नुसत्या डोळ्यांनी कधीच न पाहिलेली गोष्ट त्याला दिसते. त्यात सजावट काहीच नव्हती आणि तिची गरजही नव्हती.

ही फीत त्यांनी निवडक मंडळींना दाखविली. वाटाण्याचे रोप असे वाढते ठेवणारा माणस हरिश्चंद्राची कथाही उभी करील, असा भरवसा त्यांना वाटला आणि कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंनीही आपले दागिने पुढे केले. त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आटोपून रात्री अंधाऱ्या खोलीत बसून त्या कच्च्या फिल्मला भोके पाडीत. फिल्म धुण्याच्या कामातही त्यांचा हात असे. चित्रपटाच्या इतिहासात फाळक्यांचे नाव येते तेथे सरस्वतीबाईंचे नाव जोडूनच घेतले पाहिजे.

राजा हरिश्चंद्र सुमारे सात महिन्यांत तयार झाला. स्त्रीची भूमिका करायला कोणी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात हा चित्रपट लोकांसमोर आला आणि पुढची कथा आपण सारे जाणतो.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. पडद्यावर हलती चित्रे आणणारे फाळके हे पहिले मराठी गृहस्थ नव्हते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली होती. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा चौपाटीवरील त्यांचे स्वागतही त्यांनी टिपले. माहितीपटाचे बीज त्यांनीच पेरले म्हणायचे. पण त्यांच्या फिती आज आपल्याला पाहायला मिळत नाहीत. राहिली ती फक्त नावे.

१९१३ नंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला नेला. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले आणि तेथेच राहून काम करण्याबद्दलही विचारणा झाली. पण नाशिकला आपली माणसे वाट पाहत आहेत म्हणून ते परत आले. तोच महायुद्ध सुरू झाले आणि पैसा आटला. मोठा चित्रपट करणे अवघड झाले, तेव्हा ते पुन्हा लहान फितींकडे वळले. तळेगावचा काच कारखाना त्यांनी पडद्यावर आणला. नुसत्या आगकाड्या हलवून आगकाड्यांची मौज नावाची गंमत केली. नाशिकच्या सिंहस्थ पर्वणीचे चित्रणही त्यांनी केले. चित्रपट कसे तयार करतात हे सांगणारी फीतही त्यांनी काढली. तिचे काही भाग उरले आहेत आणि त्यांत काम करताना स्वतः दादासाहेब आपल्याला दिसतात.

या सर्व लहान फितींत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकीचा विषय एकाच वाक्यात सांगता येतो. काच कशी होते. रोप कसे वाढते. चित्रपट कसा बनतो. काय होते आणि कसे होते, एवढेच दाखवायचे, पण ते पाहणाऱ्याला पूर्ण कळेपर्यंत दाखवायचे.

१९१७ साली लंका दहन आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. पण भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले आणि दादासाहेब काही काळ सारे सोडून काशीला जाऊन राहिले. परत येऊन पुन्हा काम केले. मग बोलपट आले आणि दिवस पालटले. १९३७ साली वयाच्या ६७ व्या वर्षी गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट कोल्हापूरला झाला. त्यांच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट आणि २७ लघुपट सांगितले जातात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे ओढगस्तीची आणि विस्मरणाची होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला आणि १९७१ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. मान मिळाला, पण उशिरा. त्यांच्या बहुतेक फिती तोवर नाहीशा झाल्या होत्या.

आता पुन्हा आपल्या बेटाकडे येऊ. आज आपल्या प्रत्येक घरात जो फोन आहे, त्याच्या शतांश सोयही दादासाहेबांकडे नव्हती. तरीही आपल्या मुलांचे व्हिडिओ पाहणारे लोक पाच सेकंदांत पुढे सरकतात. का? कारण त्यांत बहुधा सर्व काही असते, फक्त विषय नसतो.

म्हणून या वर्षी मी मुलांना वेगळ्या रीतीने कामाला लावले आहे. कोणी पुंगोलच्या जलमार्गाकाठी रोज सकाळी चालायला येणाऱ्या एकाच आजोबांवर व्हिडिओ करील, तर कोणी पुंगोलच्या जुन्या धक्क्यावर गळ टाकून बसणाऱ्यांवर. आधी विषय एका वाक्यात लिहायचा. फोन तिपाईवर ठेवायचा आणि हलवायचा नाही. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर असावा, पाठीमागे नसावा. फोन जवळ ठेवायचा म्हणजे आवाज स्वच्छ येतो. माणूस बोलत असेल तेथे गाणे घालायचे नाही. मराठीत बोलला तर मराठीतच राहू द्यायचे आणि खाली इंग्रजी अक्षरे द्यायची. सर्वांसमोर ठेवण्यापूर्वी दोन-चार जणांना दाखवून त्यांना काय समजले ते विचारायचे. दादासाहेबांनी आपले रोप असेच आधी निवडक मंडळींना दाखविले होते. आणि मूळ चित्रण दोन ठिकाणी जपून ठेवायचे. हा शेवटचा नियम मी फळ्यावर सर्वांत वर लिहिला आहे.

आपल्या घरातल्या पुढच्या पिढीची मराठी थोडी-थोडी विरत चालली आहे, हे आपण सारे पाहतो. जुनी वळणे, जुने शब्द ज्यांच्या तोंडी आहेत अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. सावे दादांची कुस्ती गेली, दादासाहेबांच्या कितीतरी फिती गेल्या, आणि पुंगोलच्या एका आजींचा आवाज माझ्या देखत गेला. तुमच्या घरी असे कोणी असेल, तर या रविवारी त्यांच्यासमोर फोन ठेवा, एकच प्रश्न विचारा आणि मग आपण गप्प बसून त्यांना बोलू द्या.