खडकीला पाणी देणारा वजीर : मलिक अंबर

सिंदी मेघे असो की शेजारची पिपरी मेघे, वर्धा शहराला लागून वस्ती वाढली की पहिली तक्रार नळाची. टाकीजवळच्या घरात धो धो पाणी, शेवटच्या गल्लीत नुसती हवा. मग कुणीतरी टिल्लू पंप लावतो आणि पुढच्याची बादली कोरडी राहते. हा दाबाचा हिशेब चारशे वर्षांपूर्वी मराठवाड्यात एका माणसाने विजेशिवाय जमवला होता. त्याचं नाव मलिक अंबर. गनिमी कावा लढणारा म्हणून तो आपल्याला शाळेत भेटतो. पाण्याचं त्याचं काम मात्र पुस्तकात दोन ओळींत उरकतात.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत बगदादकडे पोहोचला. तिथे एका मालकाने त्याला लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला शिकवलं. पुढे दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच. त्याच्यानंतर अंबर मोकळा झाला, विजापूरला चाकरी केली आणि परत आला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा राज्य संपल्यातच जमा होतं. अंबरने राजघराण्यातला एक वारस गादीवर बसवला आणि कारभार आपल्या हाती घेतला.

१६१० मध्ये त्याने खडकी गाव वसवलं. जागा लष्कराला सोयीची, पण भरवशाचं पाणी नाही. तेव्हा त्याने उत्तरेकडच्या डोंगरांकडे पाहिलं. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी बंदिस्त भुयारी नहरीत झिरपत जमा होऊ दिलं. नहरीला अगदी बेताचा उतार, साफसफाईसाठी ठरावीक अंतरावर उतरायला तोंडं. हीच नहर-ए-अंबरी.

खरी गंमत शहरात आहे. तिथे पाणी भाजक्या मातीच्या खापरी नळांतून जातं. वरून उतरणाऱ्या पाण्याला जोर असतोच. दहा मीटर उंचीचं पाणी खाली प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलोचा दाब देतं. आपल्या सपाट गावाला म्हणून तर उंच टाकी लागते. पण जोर फार झाला तर खापरी नळ फुटणार, हवा अडकली तर पाणी थांबणार. यावर उपाय म्हणजे वाटेत बांधलेले उंच बंबे. पाणी एका नळाने बंब्यात वर चढतं, माथ्यावर हवा सोडतं, दाब आवाक्यात येतो आणि दुसऱ्या नळाने पुढे उतरतं. ज्या उंचीवरून निघालं त्याहून वर ते चढत नाही, हे ज्याला कळलं त्यालाच बंब्याची उंची ठरवता येते. तेव्हा ते पक्कं कळलेलं होतं.

तलाठी मंडळींना त्याची दुसरी ओळख जास्त जवळची वाटेल. वसुलीचे मक्ते त्याने बंद केले, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला आणि गावचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांकडे ठेवला. सारा आधी पिकाचा सुमारे दोन पंचमांश होता, पुढे तो नगदीत साधारण एक तृतीयांशावर आला. आजच्या मापाने हलका नव्हे; पण मक्तेदाराच्या मनमानीपेक्षा ठरलेला आकडा कुणबी पत्करतो.

खडकीला मात्र स्वस्थता नव्हती. १६१६ मध्ये रोशनगावला अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी लुटून जाळली. १६२१ मध्ये पुन्हा तेच. तो मागे हटायचा, परत यायचा, शहर पुन्हा उभं करायचा. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल आणि विजापूरकर दोघांनाही त्याने धूळ चारली. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने होते. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

खडकीचं आधी फतेहनगर झालं, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर. नहर कित्येक पिढ्यांना पुरली. नंतर मात्र तिच्यावर घरं चढली, रस्ते आले, उतरायची तोंडं बुजली. जुन्या शहरात उरलेला एखादा बंबा अजून दिसतो. तिकडे नात्यात, लग्नकार्याला गेलात तर त्याच्या माथ्याकडे बघा आणि मग आपल्या टाकीची उंची व शेवटच्या घराची जोत्याची पातळी ग्रामसेवकाला विचारा.