२४ पैकी २२ कामगार काढावे लागले, पण त्याच वर्कशॉपमध्ये शिकलेल्या पोरानं बॉशला जगभर पोहोचवलं

नाशिकमध्ये मायको सर्कल कुणालाही विचारा, लगेच सांगतील. ती मायको म्हणजे आजची बॉश. पण ज्याच्या नावावर ही कंपनी उभी आहे तो रॉबर्ट बॉश स्वतः एक नाराज अप्रेंटिस होता.

जन्म १८६१ चा, जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या अल्बेक गावातला. १२ भावंडांत हा ११ वा. शाळा संपल्यावर उल्ममध्ये एका मेकॅनिककडे काम शिकायला लागला. पण मालकाचं शिकवण्याकडे लक्षच नव्हतं. वर्षं गेली, हाती फारसं काही लागलं नाही. ही सल कायम राहिली.

१८८६ मध्ये त्यानं स्टुटगार्टला छोटं वर्कशॉप टाकलं. सोबत एक मेकॅनिक आणि एक हरकाम्या पोरगा. विजेची, टेलिफोनची, मिळतील ती कामं घ्यायची. धंदा कधी चालायचा, कधी बसायचा. १८९२ ला तर २४ पैकी २२ जणांना घरी पाठवायची वेळ आली.

आता अशा वेळी मालक आधी काय बंद करतो? तर शिकवणं. कारण शिकाऊ पोरगा आज कमवून देत नाही, वर कारागिराचा वेळ खातो. पण याच ओढाताणीच्या वर्षांत गॉटलोब होनोल्ड नावाचा मुलगा बॉशकडे काम शिकला. पुढं इंजिनिअरिंग करून तो १९०१ ला परत आला आणि १९०२ मध्ये त्यानं स्पार्क प्लगसह हाय व्होल्टेज मॅग्नेटो तयार केला. इंजिनात ठिणगी पाडायची मोठी अडचण सुटली आणि बॉशचा माल देशोदेशी जाऊ लागला.

१९१३ मध्ये बॉशनं कारखान्यात शिकाऊंसाठी स्वतंत्र विभागच काढला. म्हणजे पोरांना झाडू मारायला न लावता रीतसर शिकवायचं. गंमत म्हणजे त्याच वर्षी कामगारांनी मोठा संप केला. आठ तासांचा दिवस १९०६ लाच देणाऱ्या बॉशला तो फार लागला. विभाग मात्र बंद झाला नाही.

१९२६ ला जर्मनीचा मोटार उद्योग गडगडला. बॉशलाही माणसं कमी करावी लागली. मग एकट्या गाड्यांवर विसंबणं सोडून कंपनी ड्रिल मशीन, फ्रिज अशा वस्तूंकडे वळली. जागतिक मंदीत, १९३२ ला, त्यानं पुस्तकच लिहिलं. कामाचे तास कमी करा आणि आहे ते काम जास्त लोकांत वाटा, असं एक कारखानदार सांगत होता.

१९४२ मध्ये बॉश गेला. तेव्हा त्याच्या कारखान्यांत हिटलरच्या युद्धासाठी माल बनत होता, सक्तीनं आणलेले मजूर राबत होते. त्याच वेळी बॉश हिटलरच्या विरोधकांना आतून मदतही करत होता. हे दोन्ही खरं आहे.

शिकाऊंच्या त्या विभागानं २०१३ मध्ये शंभरी गाठली.